आचऱ्याला स्वतःचं एफएम का नाही? न घडलेल्या गोष्टीचा इतिहास

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा ते पाहिलं. आज एक चुकलेला प्रश्न बघू. चूक माझीच आहे.

मी मूळची आचऱ्याची, मालवण तालुक्यातली. लहानपणी उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आजोबा खळ्यात रेडिओ घेऊन बसायचे. एखाद्या दिवशी अचानक पणजीची खासगी एफएम स्टेशनं खणखणीत लागायची. आजोबा हाक मारायचे, "गो, आज गोवा लागलो बघ!" दुसऱ्या दिवशी त्याच जागी नुसती खरखर. एमएस्सीनंतर मला वाटलं, आपल्या भागातल्या व्यावसायिक एफएमचा इतिहास लिहावा. प्रश्न ठरवला: 'सिंधुदुर्गात खासगी एफएम कधी सुरू झालं?' महिनाभर शोधलं, उत्तर मिळेना. मग लक्षात आलं की प्रश्नातच एक गृहीतक लपलंय. ते सुरू झालं असेल, हे मी धरूनच चालले होते.

म्हणून प्रश्न बदलला: ते का झालं नाही?

पहिलं उत्तर: डोंगर

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हेच आधी सुचतं. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. १०० मीटरच्या मनोऱ्याला साधारण ४१ किलोमीटर. कोल्हापूर आचऱ्यापासून सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर आणि मध्ये सह्याद्री. तिथलं टोमॅटो एफएम आमच्याकडे लागत नाही, यात नवल नाही. पणजी सुमारे ९० किलोमीटर, तीही क्षितिजापलीकडेच. पण उन्हाळ्यात समुद्रावर थंड दमट हवेच्या वर उष्ण कोरडी हवा बसली, की लहरी खाली वाकत वाकत दूरवर येतात. आजोबांच्या 'गोवा लागलो'चं रहस्य एवढंच.

आता नीट बघा. डोंगराने हे सांगितलं की बाहेरचं स्टेशन का ऐकू येत नाही. आपलं स्वतःचं का नाही, हे नाही सांगितलं. दोन वेगळे प्रश्न एकाच उत्तरात गुंडाळणं ही नवख्या संशोधकाची नेहमीची चूक.

दुसरं उत्तर: पैसा

भारतात रेडिओवरचा धंदा जुनाच आहे. विविध भारतीवर जाहिराती १९६७ साली मुंबई-पुणे-नागपूरपासून सुरू झाल्या. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मग २००० साली लिलाव झाला. ४० शहरांत १०८ वाहिन्या देऊ केल्या होत्या. मुंबईत वर्षाला ९.७५ कोटींपर्यंत बोली गेली, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. चालू राहिल्या जेमतेम २१. मुंबईचं विन ९४.६ सुद्धा काही वर्षांत बंद पडलं.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात पद्धत बदलली: एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के. त्यामुळे कोल्हापूर, पणजीसारख्या शहरांत धंदा शक्य झाला. म्हणजे 'लहान गावात परवडत नाही' हे अर्धंच खरं. परवडणं हे नियमावरही ठरतं.

तिसरं उत्तर: यादी

स्टेशन कुठे निघू शकतं, हे सरकारच्या शहरांच्या यादीवर ठरतं. २०११ च्या तिसऱ्या टप्प्यात निकष होता १ लाखाहून अधिक लोकसंख्येची शहरं. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या सुमारे साडेआठ लाख होती. श्रोते आहेतच की! पण ते वाड्यावाड्यांत विखुरलेले. १ लाखाचं एकही शहर जिल्ह्यात नाही. यादी शहरं मोजते, श्रोते नाही.

आणि निकष काही दगडावरची रेघ नव्हती. सीमाभागातल्या आणि बेटांवरच्या काही छोट्या गावांना अपवाद केला गेला. पणजी महापालिका हद्दीत २०११ ला जेमतेम ४० हजार लोक होते, तरी तिथे स्टेशनं आहेत. राजधानी आणि पर्यटन हे त्यामागचं कारण असावं, हा माझा अंदाज. अंदाज असेल तेव्हा तसं लिहा, ही सवय आत्ताच लावून घ्या.

एवढा खटाटोप कशाला?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मालवण किनाऱ्यावरून गेलं. आमच्या घरी कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत होता, तोही आकाशवाणीचा. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, पण २०११ च्या धोरणात हवामान आणि नैसर्गिक आपत्तीची माहिती द्यायची मुभा आहे. होडी पाण्यात ढकलावी की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला आपल्या बोलीत, आपल्या खाडीचं नाव घेऊन सांगणारा आवाज हवा असतो. २०२४ मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांना मंजुरी दिली. मोजमाप पुन्हा शहरांचंच.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातली एक अशी गोष्ट शोधा, जी घडायला हवी होती पण घडली नाही. तिची किमान तीन कारणं लिहा. मग प्रत्येक कारणाला विचारा, 'हे कारण असूनही दुसरीकडे ती घडली का?' माझ्या बाबतीत या एका प्रश्नाने डोंगर बाद झाला, पैसा अर्धा उरला आणि यादी हातात आली. तुमचं काय होतं ते कळवा.