बौद्ध विहारांतील अध्यापन : सामूहिक देशना आणि व्यक्तिगत अनुशासन

सर्व विद्यार्थ्यांना एकत्र बसवून शिकवावे, की प्रत्येकाची कुवत पाहून स्वतंत्र शिकवावे, हा वाद शिक्षणशास्त्रात पुन्हापुन्हा निघतो. बौद्ध शिक्षणाच्या इतिहासात मात्र ह्या दोन्ही पद्धती एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती, असे आम्हांस दिसते.

संयुत्तनिकायात नालंदेच्या पावारिक आम्रवनातील एक प्रसंग आहे. असिबंधकपुत्र ह्या ग्रामप्रमुखाने तथागतांना विचारले : सर्व प्राण्यांविषयी करुणा असताना आपण काहींनाच अधिक तत्परतेने उपदेश का करता? तथागतांनी शेतकऱ्याचा दृष्टान्त दिला. उत्तम, मध्यम आणि निकृष्ट अशी तीन शेते असली, तर शेतकरी पेरणीचा क्रम लावतो. भिक्खु-भिक्खुणी, उपासक-उपासिका आणि अन्य पंथांचे श्रमण-ब्राह्मण असा उपदेशाचा क्रम असला, तरी तिघांनाही सांगितला जाणारा धम्म एकच आहे, असे त्यांनी स्पष्ट केले.

विनयाने ह्या तत्त्वास संस्थेचे रूप दिले. पंधरवड्याच्या उपोसथास संघाने एकत्र बसून पातिमोक्ख ऐकावे, हा नियम सर्वांना समान होता. त्याचबरोबर उपाध्यायाने शिष्यास पुत्रवत मानावे आणि उद्देस, परिपुच्छा, ओवाद व अनुसासनी ह्यांनी त्यास साहाय्य करावे, असे महावग्ग सांगतो. उद्देस म्हणजे पाठ देणे आणि परिपुच्छा म्हणजे प्रश्नोत्तर. गुरूच्या आश्रयाने राहण्याचा काळही सर्वांना सारखा नव्हता. समर्थ भिक्खूस पाच वर्षे पुरेशी मानली. असमर्थास मात्र आजन्म आश्रय सांगितला. जो मागे पडतो त्याला गुरूचा सहवास अधिक, असा ह्या नियमाचा आशय आहे.

चूळपन्थकाची कथा हेच सांगते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्यास विहाराबाहेर काढले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्र देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे अनित्यतेचे सत्य त्यास उमगले. सत्य सर्वांचेच होते. वाट तेवढी त्याच्यापुरती निराळी होती.

सातव्या शतकात नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिलेल्या इत्सिंगने भारतातील विहारांची रीत नोंदविली आहे. शिष्य रात्रीच्या पहिल्या व अखेरच्या प्रहरी गुरूकडे जाई. गुरू त्यास बसवून घेई, त्रिपिटकातील उतारा निवडून प्रसंगानुरूप पाठ देई आणि काहीही अनुत्तरित ठेवीत नसे. ह्युएनत्संगाच्या चरित्रात त्याच नालंदेत रोज सुमारे शंभर व्याख्यानपीठे चालत असल्याचे वर्णन आहे. दिवसा सभा आणि रात्री गुरुसन्निधी, असा हा मेळ होता.

येथे एक भेद विसरता कामा नये. वर्णव्यवस्थेनेही व्यक्तीनुसार शिक्षण वेगळे केले होते. पण तिने कुवत पाहिली नाही, जन्म पाहिला. प्राथमिक शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर, वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. वेगळे बसवणे आणि वेगळे लक्ष देणे ह्यांतले अंतर त्यांनी स्वतः भोगले होते. 1945 साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांना बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे दिली. एक नाव देशना करणाऱ्याचे, दुसरे निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्याचे.

आजच्या शाळांत 'ज्याची त्याची कुवत' हे शब्द आपल्या मुलांच्या बाबतीत उच्चारले जातात, तेव्हा आम्ही एवढेच तपासावे : त्यामुळे मुलाला शिक्षकाचा वेळ अधिक मिळतो, की पाठच कमी मिळतो? पहिले विनयाला धरून आहे. दुसरे जुन्या गोणपाटाचेच नवे रूप आहे.