मुंबईहून गेलेल्या पोलादाच्या वड्या आणि लंडनचा एक चाकू

खिशात बाळगायचा चाकू निवडताना माणूस दोन गोष्टी एकदम मागतो : धार टिकावी आणि पाते तुटू नये. या दोन मागण्यांचे आपसांत पटत नाही. पोलाद जितके कठीण, तितकी धार टिकाऊ. पण तितकेच ते ठिसूळ, आणि जरा आडवा ताण आला की धारेला दाते पडतात. मऊ पोलाद तुटत नाही, मात्र चार दोऱ्या कापल्या की बोथट होते. हा तंटा फार जुना आहे, आणि त्यातील एका प्रकरणात मुंबईचे नाव थेट लंडनच्या रॉयल सोसायटीच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात जाऊन बसले आहे. आजचा थ्रेड त्या प्रकरणाविषयी.

हेलेनस स्कॉट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील सेवेत असलेला स्कॉटिश डॉक्टर. १८०२ साली मुंबईत देवीची पहिली लस टोचली गेली, त्या कामातही याचेच नाव येते. स्वभावाने चौकस. इथल्या वैद्यांकडून, कारागिरांकडून जे दिसेल ते टिपून घ्यावे आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवावे, असा त्याचा परिपाठ होता. १७९० च्या दशकात त्याने बँक्स यांच्याकडे पत्रासोबत एका पोलादाच्या वड्या धाडल्या. पत्रात त्याचे नाव होते ‘वूट्झ’. कन्नडमधील ‘उक्कु’, म्हणजे पोलाद, या शब्दाचे हे इंग्रजी कानांनी केलेले रूप, असे सामान्यतः मानले जाते.

१७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी या वड्यांवरील प्रयोगांचा निबंध सोसायटीपुढे वाचला. शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत तयार झालेले’ असे म्हटले आहे. मुंबईकरांनी फार सुखावून जाऊ नये. मुंबई हे केवळ ते जहाजात चढवण्याचे ठिकाण. या पोलादाच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या : म्हैसूरच्या मुलखात, सेलमच्या परिसरात, तेलंगणात.

तिथली रीत पुढे फ्रान्सिस बुकॅनन, जोसाया हीथ आदींनी लिहून ठेवली. मातीच्या लहान मुशीत साधारण अर्धा किलो लोखंडाचे तुकडे, त्यांवर तरवडाची सुकी लाकडे, वर हिरवी पाने (काही ठिकाणी रुईची), आणि तोंड मातीने लिंपलेले. अशा वीस-चोवीस मुशी एका भट्टीत रचायच्या आणि अडीचेक तास भाता चालवायचा. लाकूड व पाने जळून कोळसा होतो, त्यातील कार्बन लोखंडात शिरतो, कार्बन शिरला की लोखंड कमी उष्णतेत वितळते. मूस फोडली की आत वडी. या वडीत कार्बन सुमारे दीड टक्का भरतो. चाकूच्या साध्या कार्बन पोलादात तो एक टक्क्याच्या आत-बाहेर असतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण एक टक्क्याच्या वरचा कार्बन लोखंडाशी संयोग पावून कार्बाइडचे अतिकठीण कण तयार करतो. धार टिकते ती बव्हंशी या कणांच्या जोरावर.

पिअर्सन यांच्या निबंधात या पोलादाचे रासायनिक पृथक्करण पुष्कळ आहे, आणि आज वाचताना ते कंटाळवाणे होते. त्यातील खरा ऐवज म्हणजे जेम्स स्टोडार्ट या कारागिराचा अनुभव. स्टोडार्ट लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे व वस्तरे घडवीत असे. बँक्स यांच्या इच्छेवरून त्याने वूट्झचा एक तुकडा घेऊन त्याचा चाकू केला. चाकू म्हणजे त्या काळचा, पिसाची लेखणी तासायचा, ज्याला आपल्या दफ्तरखान्यांत कलमतराश म्हणत. दिसायला क्षुल्लक, पण पोलादाची परीक्षा घ्यायला याहून कठोर वस्तू सापडायची नाही. पाते कागदासारखे पातळ, रोजचा वापर, आणि टोक जरासे मोडले तरी लेखणी फाटते.

घडवताना त्याची दमछाक झाली. इंग्रज लोहाराचा हात पिवळ्या-पांढऱ्या आगीला सरावलेला, आणि हे पोलाद तेवढे तापवले की घणाखाली भुरभुरून जाई. अखेर अंधारात जेमतेम दिसेल इतक्याच लालीवर ठेवून त्याने ते ठोकले. चाकू तयार झाला, उत्तम कापू लागला, आणि स्टोडार्टने मत दिले की या पोलादाची धार इंग्लंडातील कोणत्याही पोलादापेक्षा अधिक बारीक, बळकट व टिकाऊ राहील. पुढे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावरही वूट्झचे नाव छापले.

आता स्कॉटच्या पत्राकडे पुन्हा पाहावे. हे पोलाद अगदी मंद लालीपलीकडे तापवलेले सोसत नाही, त्याहून पुढे गेले की त्याचा काही भाग वितळल्यासारखा होतो आणि सगळा तुकडा वाया जातो, हे त्याने आधीच लिहिले होते. हे ज्ञान त्याचे स्वतःचे नव्हे. तो डॉक्टर होता. ऐरणीवर उभा राहणारा नव्हता. इथल्या लोहारांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली गोष्ट त्याच्या पत्रातून एका ओळीत लंडनला पोहोचली. मालाबरोबर त्याच्या वापराची रीतही गेली होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत मौल्यवान ओळ तीच. परंतु सोसायटीचे लक्ष वेधले ते वडीने.

पुढची तीस वर्षे प्रश्न विचारला गेला तो असा : या धातूत असे आहे तरी काय? डेव्हिड मुशेट यांनी १८०५ मध्ये कार्बनच्या आधिक्याकडे बोट दाखवले, आणि ते बरोबर होते. मायकेल फॅरेडे, जो स्वतः लोहाराचा मुलगा, त्याला मात्र १८१९ मध्ये वूट्झमध्ये ॲल्युमिनियम व सिलिका यांचा अंश आढळला, आणि सारे रहस्य त्यातच असावे असे वाटले. मग तो आणि स्टोडार्ट दोघे मिळून पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळत बसले. चांदीचा एक भाग पोलादाच्या पाचशे भागांत मिसळून केलेले त्यांचे पोलाद शेफील्डच्या कारखानदारांनी काही काळ वापरलेही. १८२० व १८२२ मध्ये दोघांचे निबंध आले, १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि फॅरेडे विजेकडे वळला. वूट्झ मात्र त्यांच्या हाती आले नाही.

अर्थात ही मेहनत फुकट गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलादात दुसरे धातू मिसळून त्याचे गुण पद्धतशीर तपासायचे, ही वाट याच दोघांनी पाडली, आणि त्याच वाटेने पुढे स्टेनलेस पोलाद आले. १९१३ मध्ये शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद ओतले. त्याचे पहिले चाकू कापेनात. न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा म्हणून गावात त्यांची चेष्टा झाली. दोष पोलादाचा नव्हता. त्याला पाणी देण्यासाठी नेहमीपेक्षा बरेच अधिक तापवावे लागते हे चाकूवाल्यांना ठाऊक नव्हते. अर्नेस्ट स्टुअर्ट या कारखाना-व्यवस्थापकाने तापमान जुळवून घेतले आणि तेच पोलाद धार धरू लागले. वूट्झ अधिक तापवल्याने बिघडले, हे कमी तापवल्याने.

म्हणून आज दुकानात पात्यावर कोरलेले पोलादाचे नाव वाचून भारावून जाऊ नये. एकाच नावाच्या पोलादाची दोन पाती, एक नीट पाणी दिलेले व दुसरे घाईत उरकलेले, वापरात दोन वेगळ्या धातूंसारखी वागतात. पाणी दिल्यावर पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा हलके तापवून थोडी कठीणता सोडून द्यावी लागते, तेव्हा चिवटपणा येतो. जुने कारागीर हे रंगावरून ओळखत : घासलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला, म्हणजे साधारण २३० अंश सेल्सिअस झाले, की लेखणीच्या चाकूसाठी पुरे. निळ्यावर गेले की ते स्प्रिंगच्या कामाचे. आता यासाठी रॉकवेल मापन आहे. रोजच्या खिशातल्या चाकूला ५६ ते ६० हा अंक बरा. त्याखाली धार लवकर जाते, फार वर गेले तर पात्याने डबा उघडायचा मोह टाळावा. विक्रेत्याने अंक सांगितलाच नाही, तर मी तरी पोलादाच्या नावाला फारशी किंमत देणार नाही.

वूट्झच्या लहरदार पात्यांचे कोडे सुटायला १९९० चे दशक उजाडले. जॉन व्हरहोव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी दाखवले की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश असला, आणि वडी पुनःपुन्हा मंद तापवून ठोकली, तर कार्बाइडचे कण पट्ट्यांत रांगेने बसतात. कोड्याची उकल करणाऱ्या जोडीत एक जण ऐरणीवरचा होता, आणि या वेळी निबंधावर त्याचेही नाव छापले गेले.