नारायणगावची द्राक्षवारुणी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात दिली आहे. तिचा आरंभच मद्याने होतो, आणि इटलीच्या मद्यास तेथे विशेष पसंती असे, अशी नोंदही त्या अनामिक लेखकाने केली आहे. त्याच ग्रंथात आपली उज्जयिनी 'ओझीनी' या नावाने भेटते. तेथून अकीक आणि तलम कापड भडोचला जाई. कौटिल्याने तर 'सुराध्यक्ष' हा स्वतंत्र अधिकारी नेमला असून द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्यास तो 'मधु' म्हणतो; परंतु त्या मधूची जी नावे तो देतो, ती कापिशीसारख्या वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली आहेत. द्राक्षमद्य आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, पण उत्तम म्हणून जे नावाजले जाई ते दुरून येई, एवढे यावरून दिसते.

दख्खनच्या भूमीस द्राक्षवेल मात्र परकी नव्हती. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे-डाळिंबांची आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या बहराची वाखाणणी केली आहे. असे असता या मातीतून जगाच्या बाजारात मानाने मांडता येईल अशी वाइन निघण्यास विसाव्या शतकाचे नववे दशक का उजाडावे लागले? याचे एक कारण आपल्या भाषेतच सापडते. आपल्याकडे 'दारू' हा एकच शब्द. बंदुकीची तीही दारू, मोहाची तीही दारू आणि द्राक्षांची तीही दारूच! मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा याच दृष्टीने झाला. आपल्या इंदुरातील जुन्या वाड्यांतही या विषयाचा उच्चार आवाज उतरवून होई. फडताळात द्राक्षासवाची बाटली मात्र निःशंकपणे नांदत असे.

अशा वातावरणात श्यामराव चौगुले या मराठी उद्योजकाने पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील नारायणगावी, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वाइनचा कारखाना उभारण्याचे मनावर घेतले. शिवनेरी येथून हाकेच्या अंतरावर. भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. हिवाळ्यातील रात्री थंड, दिवस कोरडे. चौगुल्यांनी फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शांपेन बनविणाऱ्या जुन्या पेढीचे तांत्रिक साहाय्य मिळविले आणि राफाएल ब्रिसबॉइ हा तेथील जाणकार नारायणगावी येऊन राहिला. 'शातो इंडाज' या नावाने हे घराणे उदयास आले. त्यांची फेसाळ वाइन परदेशी 'ओमर खय्याम' या नावाने विकली जाऊ लागली. 'शांपेन' हे नाव त्या प्रांताबाहेरील मालास लावू न देण्याविषयी फ्रेंच लोक फार दक्ष असतात, आणि ते योग्यच आहे.

तिची कृती मोठी चिकाटीची असते. प्रथम साधी वाइन तयार करून ती बाटल्यांत भरावयाची, तीत थोडी साखर व यीस्ट घालून बूच घट्ट बसवावयाचे, म्हणजे दुसरे आंबणे बाटलीच्या पोटातच होते आणि फेसाचा वायू आतच कोंडला जातो. पुढे बाटल्या दीर्घकाळ आडव्या निजवून, मग घडवंचीवर मान खाली करून त्या रोज थोड्या थोड्या फिरवितात. गाळ मानेशी जमला की मान गोठवून तो गोठलेला गोळा उडवून देतात. ज्या तालुक्यात अशा कामाची परंपरा नव्हती, तेथे हे घडवून आणणे आणि तो माल इंग्लंड-फ्रान्सला पाठविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मराठी उद्योगाच्या इतिहासात तिची नोंद जितकी ठळक व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही, असे माझे मत आहे.

युरोपातील डोंगरउतारांवरचे द्राक्षमळे पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्याकडे राहतात. वेल जितकी जुनी तितके तिचे फळ कमी, आणि त्याचा रस तितकाच सकस, अशी तेथील श्रद्धा आहे. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या वेली आजही फळतात. आपल्याकडे हे दुष्कर आहे. थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने टाकून निजते. दख्खनमध्ये तिला निजच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून, म्हणजे वर्षातून दोनदा कात्री चालवून, बागायतदार तिच्याकडून एक पीक घेतो. त्यात भुरी आणि केवडा यांचा उपद्रव. खाण्याच्या द्राक्षांची बाग बारा-पंधरा वर्षांत थकते आणि मोडावी लागते. आपला शेतकरी ती बिनतक्रार मोडतो व नवी लावतो, कारण त्याचा हिशेब टनांचा असतो. वाइनच्या घराण्याचा हिशेब मात्र पिढ्यांचा असावा लागतो, आणि या दोन हिशेबांचा मेळ सह्याद्रीच्या उतारावर अद्याप बसलेला नाही.

इंडाजनेही पिढ्यांची वाट पाहिली नाही. २००१ साली महाराष्ट्र शासनाने वाइन उद्योगास उत्पादनशुल्कात सवलत देऊन विंचूर व पलूस येथे वाइन पार्कची योजना आखली. त्याआधीच, १९९७ मध्ये, राजीव सामंत यांनी नाशिकजवळ कौटुंबिक जमिनीत वाइनची द्राक्षे लावली होती. त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली निघाली. स्पर्धा वाढली. इंडाजने भराभर विस्तार आरंभिला, इंग्लंडमध्ये वितरणाची कंपनी घेतली आणि ऑस्ट्रेलियात मद्यशाळा विकत घेतल्या. इतक्यात २००८ ची जागतिक मंदी आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्यामुळे हॉटेलांचा व्यवसाय बसला. कर्जे तुंबली, द्राक्षे पुरविणाऱ्या शेतकऱ्यांची देणी थकली आणि काही वर्षांतच कंपनीचे प्रकरण अवसायनासाठी मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले.

यात सर्वाधिक हानी कोणाची झाली? भागधारकांची झालीच, पण ज्याने कराराच्या भरवशावर खाण्याची द्राक्षे काढून वाइनच्या जाती लावल्या, त्याची अधिक झाली. वाइनचे द्राक्ष बारीक, आंबटगोड आणि बियांचे. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. घेणारा एकच आणि तोच बुडाला, तर बाग मोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मी आयुष्यभर राज्य शासनाच्या सेवेत नस्त्या चाळल्या. धोरणाच्या टिपणीत कारखानदाराच्या सवलतींचे कलम ठसठशीत असते, आणि उत्पादकाच्या हमीचे कलम शोधावे लागते, हा अनुभव केवळ एका राज्याचा नव्हे. आपल्या मध्य प्रदेशानेही जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील द्राक्षांच्या वाइनला शुल्कमाफी जाहीर केली. माळव्यातील शेतकऱ्याने कात्री हाती घेण्यापूर्वी नारायणगावची हकीकत एकदा ऐकावी.

इतर घराण्यांचे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. बंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये स्थापिलेली पेढी २०१२ साली नाशिकच्या 'झांपा'त मिसळली. गंगापूर धरणाकाठचे गुरनानी कुटुंबाचे 'यॉर्क' २०२१ साली 'सुला'कडे गेले. कर्त्या पिढीनंतर नाव टिकले तरी घराणे टिकतेच असे नाही.

नारायणगावचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साधने कोणती? न्यायालयातील कागद आहेत. पण ते शेवटचे दोन-चार हंगाम सांगतील, आरंभीचे सांगणार नाहीत. आरंभ शेतकऱ्यांच्या घरी आहे. करारपत्रे, काट्यावरच्या वजनपावत्या, रोपांची बिले, बाटल्यांवरची जुनी लेबले. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे मूळ घर वा सोयरीक जुन्नर-मंचर भागात आहे. दिवाळीत वा लग्नकार्यास तिकडे जाणे झाल्यास माळ्यावरच्या ट्रंकांत असे काही आहे का, हे अवश्य विचारावे, आणि मिळाल्यास निदान त्याची छायाप्रत संपादकांकडे धाडावी.