शिंदी की ताड : देगलूरच्या सीमेवरील एक जुनी निवड

निजामाच्या राज्यात जमीन महसुलाखालोखाल ज्या उत्पन्नावर खजिना विसंबून असे ते आबकारीचे, आणि त्यात मोहाच्या दारूबरोबर शिंदी व ताड या दोन वृक्षांचा वाटा एवढा मोठा होता, की तेलंगणाला लागून असलेल्या देगलूर तालुक्याचा इतिहास लिहिताना देवस्थानांइतकाच या झाडांचाही विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

दोन्हींचा रस गोड, पण स्वभाव भिन्न. शिंदीचे खोड शेंड्याखाली तासून तेथे मडके बांधतात, आणि तिचा हंगाम थंडीचा; दर साली नवा छेद मागच्याच्या विरुद्ध बाजूस घेण्याची वहिवाट असल्यामुळे जुन्या झाडाचा बुंधा नागमोडी दिसू लागतो व खाचा मोजून त्याने किती हंगाम दिले हे सांगता येते. ताडाच्या खोडाला मात्र शस्त्र लागत नाही. त्याचा फुलोरा बांधून, हलक्या हाताने ठेचून, टोक रोज पातळ कापीत जावे लागते, आणि त्याचा रस भर धरतो तो उन्हाळ्यात. हे कसब तेलंगणातील गौडांचे. ताडीने अनेक संसार मोडले हे खरे असूनही, झाडाला इजा न होऊ देता त्याच्याकडून रस घेण्याची ती विद्या नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

बोहेमियातील झाटेकचा हॉप घ्यावा की इंग्लंडातील केंटचा, हे ठरविताना युरोपीय मद्यकार बिअरची चव व टिकाऊपणा या दोहोंचा हिशेब करतो, आणि सुकविलेला हॉप दूरदेशाहूनही मागवू शकतो. येथे ती सवलत नव्हती. पहाटेची नीरा चुना लावलेल्या मडक्यात काही काळ गोड राही, एरवी उन्हे चढताच आंबू लागे. म्हणून गुत्ता बनाच्या जवळच हवा, आणि गुत्त्याचा हर्रास बोलणाऱ्या ठेकेदाराची निवड जिभेपेक्षा हंगामाने व शिवारातील झाडांनीच अधिक ठरे. 1316 फसलीच्या, म्हणजे सुमारे 1906-07 च्या, आबकारी कायद्याने या सर्व व्यवहारावर सरकारी अंमल पक्का केला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली, उरलेला तालुका मुंबई राज्यात आला, आणि त्या राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा पुढे मराठवाड्यासही लागू झाल्यावर, कालपर्यंत एकाच तालुक्याच्या दप्तरात असलेली झाडे दोन वेगळ्या कायद्यांखाली गेली.