संगणक, उष्णता आणि पाणी

भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या दुसऱ्या तीरावर कारधा हें गांव आहे. नदीच्या पाण्याची पातळी येथील पुलाजवळ मोजतात. त्यामुळें पावसाळ्यांत या गांवाचें नांव वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतें. गतवर्षीं वैशाखांत आम्हीं तेथें एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस मुक्काम केला. त्यांच्या मातोश्री ऐंशी वर्षांपुढच्या असून झाडीबोलींतील जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना मुखोद्गत आहेत. त्यांची नात त्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवीत असते. दिवसा रस्त्याची वर्दळ आणि कूलरची घरघर असे. म्हणून हें काम रात्रीं, कूलर बंद करून चाले. परंतु केलेलें मुद्रण ऐकावयास बसलें कीं आजींच्या सुराखालीं एक अखंड घूंकार ऐकूं येई. तो संगणकाच्या पंख्याचा होता. आजींचा कंठ दिवसेंदिवस क्षीण होत चालला आहे, आणि आज म्हटलेली ओवी उद्यां पुन्हां तशीच मिळेल याची शाश्वती नाहीं.

नातीनें आम्हांस विचारलें, “काका, पाण्यानें थंड होणारा संगणक जुळवला तर हा आवाज जाईल काय? आणि त्याचे भाग कसे निवडावे?” तिचे वडील हंसून म्हणाले, “२०२० च्या ऑगस्टांत वैनगंगा न बोलावतां घरांत आली होती. आतां तुम्ही पाणी बोलावून यंत्रांत घालणार!” विनोद मार्मिक होता, परंतु प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर बाजारांतील जाहिरातींपेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

गणित करणारें यंत्र तापतें, ही गोष्ट संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत लोकांपुढें आलेल्या एनिॲक यंत्रांत सुमारें अठरा हजार निर्वात नलिका होत्या आणि त्यास दीडशें किलोवॅटच्या आसपास वीज लागे. ही सर्व वीज अखेर उष्णतेच्याच रूपानें बाहेर पडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडविलेलें आणि १९६० सालीं चालू झालेलें टिफ्रॅक हें यंत्रही नलिकांचेंच होतें. पुढें नलिका गेल्या, ट्रान्झिस्टर आले. एकेक भाग कमी तापूं लागला. पण थोड्या जागेंत भागांची दाटी इतकी वाढली कीं एकंदर प्रश्न होता तेथेंच राहिला. तेव्हां १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीनें आपल्या कांहीं मोठ्या यंत्रांत नळ्यांतून पाणी खेळविलें. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकांत तर विजेचे सर्व भाग एका वीजरोधक द्रवांत बुडवून ठेवलेले होते.

यानंतर मौजेचा भाग असा कीं, हें पाणी कांहीं काळ मागें हटलें. १९९० नंतर कमी वीज खाणाऱ्या चिपांचा प्रसार झाला आणि बहुतेक यंत्रांस साधा पंखा पुरूं लागला. पण वेगाची हांव वाढतांच उष्णताही परत आली. २००० सालाच्या सुमारास हौशी लोक मोटारींतील लहान रेडिएटर आणि मत्स्यपात्रांतील पंप यांची सांगड घालून घरचे संगणक थंड करूं लागले. आणि २००४ सालीं अ‍ॅपल कंपनीनेंच मेजावरच्या आपल्या एका संगणकांत द्रवशीतनाची योजना केली. आपल्याकडे १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० तयार झाला. त्याच परंपरेंतील, पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकांत चिपांची उष्णता थेट द्रवाच्या द्वारें वाहून नेली जाते.

या येरझारेचा अर्थ काय? उष्णता दाटली कीं मनुष्य पाण्याकडे वळतो आणि ती विरळ झाली कीं हवेवर भागवितो. पाण्यांत थंडपणाची कांहीं जादू आहे, असें मात्र नव्हे. सारख्याच आकारमानाच्या हवेपेक्षां पाणी सुमारें साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतें, एवढाच त्याचा गुण. दीडशें वॉट उष्णता सोडणाऱ्या यंत्रांतून मिनिटास एक लिटर पाणी फिरविलें, तर तें एका फेरींत जेमतेम दोन अंश तापतें. परंतु पाणी उष्णता नाहीशी करीत नाहीं. तें केवळ तिचा हमाल होय. ओझें शेवटीं हवेंतच टाकावें लागतें, आणि तें टाकण्याची जागा म्हणजे रेडिएटर. म्हणून ज्या दिवशीं कारध्याची हवा पंचेचाळीस अंश असेल, त्या दिवशीं यंत्रांतील पाणी त्याहून थंड कधींही होणार नाहीं. बर्फयंत्र लावून तें अधिक थंड करूं म्हटलें, तर आषाढांतल्या दमट हवेंत नळ्यांना घाम फुटेल आणि तो विजेच्या भागांवर ठिबकेल.

एवढें ध्यानीं घेतलें म्हणजे निवड सोपी होते. पहिला नियम, उष्णताच कमी निर्माण करावी. ओव्या मुद्रित करण्यास पासष्ट वॉटांचा प्रोसेसर पुरतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचें तेथें कामच नाहीं. फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी घ्यावी, आणि वीजपुरवठ्याचा भाग गरजेहून मोठा घ्यावा, म्हणजे त्याचा पंखा बहुधा विश्रांतीच घेईल. दुसरा नियम, रेडिएटर मोठा आणि पंखे मंद असावेत. लहान रेडिएटरवर जोरानें फिरणारा पंखा बसविला, तर पाण्याचा खर्च करून आवाज होता तेवढाच राहतो. तिसरा, पंपाचा वेग कमीजास्त करतां यावा आणि त्याखालीं मऊ रबर असावें. कारण पंपाची थरथर पेटीस लागली कीं पेटीच वाजूं लागते. चौथा नियम भंडाऱ्याच्या माणसास निराळा शिकवावयास नको, कारण पितळी भांड्यांसाठीं हें शहर प्रसिद्धच आहे. तांबें आणि पितळ एका पाण्यांत सुखानें नांदतात. त्यांत ॲल्युमिनियम आलें कीं तें झिजूं लागतें. पाणीही शुद्ध ऊर्ध्वपातित हवें, आणि त्यांत गंज व शेवाळ यांस प्रतिबंध करणारें द्रव्य हवें. वैनगंगेचें किंवा नळाचें पाणी येथें चालत नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर आम्हीं प्रामाणिकपणें हेंही सांगितलें कीं, पासष्ट वॉटांच्या यंत्रास मोठा धातूचा शीतक आणि एक संथ पंखा पुरे होतो. मग पाणी कशाला? त्याचें कारण एकच, आणि तेंही इतिहासांतलेंच. मोठ्या संगणकालयांत पाणी उष्णता उचलून इमारतीबाहेर नेतें. हवेस हें काम लांबवर साधत नाहीं, पाण्यास साधतें. ओव्या म्हणण्याच्या खोलींत एकही पंखा नको असेल, तर रेडिएटर आणि पंप यांना त्या खोलीबाहेर नेलें पाहिजे.

नातीनें पुढें तसेंच केलें. भिंतींतून दोन नळ्या ओसरीवर काढल्या, तेथें मोठा रेडिएटर, पंप व पंखे ठेवले. इतर भागांस वीज न देतां एक अहोरात्र केवळ पंप चालवून गळती पाहिली. एका सांध्याशीं थेंब दिसला, तो सांधा पुन्हां आवळला. वडिलांनीं ही मांडणी जमिनीपासून हातभर उंच करविली, हें सांगावयास नकोच.

दिवाळीच्या सुमारास तिनें एक मुद्रण आम्हांस पाठविलें. त्यांत जात्याची घरघर आहे, आजींचा कंप पावणारा सूर आहे, आणि ओवी संपल्यावर त्यांनीं पदर सावरला तेव्हां बांगड्या किणकिणल्या, तेंही स्पष्ट ऐकूं येतें.