‘डिस्को दीवाने’ : एका तबकडीचा इतिहास

जाणत्यांनीं नाकें मुरडलेल्या गाण्यांनाहि इतिहास असतो. १९८१ सालीं हिज मास्टर्स व्हॉइसच्या शिक्क्यानें आपल्याकडे निघालेली ‘डिस्को दीवाने’ ही तबकडी त्यांपैकींच एक. गाणारी नाझिया हसन १९६५ सालीं कराचींत जन्मलेली. गाणीं घडविणारे बिद्दू मूळचे बंगलोरचे, पण लंडनांत स्थायिक झालेले. १९७४ मधील ‘कुंग फू फायटिंग’ हें जगभर गाजलेलें इंग्रजी गीत त्यांच्याच हातचें.

दोघांचें नांव प्रथम जोडलें गेलें तें मुंबईच्या एका चित्रपटामुळें. ‘कुर्बानी’चें बाकीचें संगीत कल्याणजी-आनंदजी यांजकडे असतां फिरोझ खान यांनीं एक गीत बिद्दूंकडून करवून घेतलें. तें ‘आप जैसा कोई’. शब्द इंदीवर यांचे. १९८० सालीं चित्रपट लागला तेव्हां नाझिया अवघी पंधरा वर्षांची होती. १९७१ चें युद्ध होऊन पुरतीं दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं, आणि कराचीच्या मुलीचा आवाज झीनत अमान यांच्या मुखीं घरोघर पोंचला! शिष्टमंडळांना असें क्वचितच साधतें.

तरीहि माझ्या मतें अधिक महत्त्वाचें पाऊल पुढल्या वर्षाचें. तोंवर आपल्याकडे लोकप्रिय गीत म्हणजे बहुशः चित्रपटांतलें. भावगीत, भजन, गझल हे अपवाद खरे. पण तरुणांच्या नाचाची तबकडी पडद्याच्या आधारावांचून खपेल, हा विचारच धाडसाचा होता. ‘डिस्को दीवाने’ला कथानक नव्हतें, नायिकाहि नव्हती. धाकटा भाऊ झोहेब तेवढा गाण्यांत साथीला.

मुंबईंत तेव्हां पुष्कळदां सारा वाद्यवृंद आणि गायक एकत्र बसून गीत मुद्रित करीत. बिद्दूंची रीत निराळी. एकेक वाद्य स्वतंत्र पट्टींत मुद्रित करावयाचें, आणि मग थरावर थर चढवावयाचे. त्यांत सिंथेसायझर हें नवें वाद्य: पेटीसारख्या पट्ट्या, पण भाता नाहीं, स्वर विजेच्या आंदोलनांतून उपजतो. नाझियाचा आवाज कोवळा, किंचित् नाकांतला. तीच ओळ पुन्हां गाववून पहिलीवर बसविली कीं त्याला भरीवपणा येई. यास कोणी लबाडी म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. तंबोऱ्याचा आधार घेणाऱ्या गवयास आपण लबाड म्हणतों काय? शब्द मात्र कित्येक ठिकाणीं सामान्यच आहेत, हें सांगितलें पाहिजे.

‘स्टार’ (१९८२) व ‘यंग तरंग’ (१९८४) येथवर ही जोडी टिकली. नाझियानें पुढें कायद्याचा अभ्यास केला आणि गाणें मागें पडलें. बिद्दूंनीं १९९५ मध्यें अलीशा चिनॉयसह ‘मेड इन इंडिया’ काढून चित्रपटाबाहेरची तीच वाट पुन्हां चोखाळली. नाझिया १३ ऑगस्ट २००० रोजीं लंडनांत कर्करोगानें वारली, वय पस्तीस. २०१२ सालीं मुंबईच्या एका नव्या चित्रपटानें ‘डिस्को दीवाने’ पुन्हां वापरलें, तेव्हां तिचा जुना आवाज त्यांत तसाच ठेवलेला होता.