औषधी वनस्पतींचे ऊतक संवर्धन व संश्लिष्ट बीजे

वनस्पतीच्या कोशिका (पेशी), ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) किंवा कळीसारखा लहान भाग निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून पूर्ण रोप मिळविण्याच्या तंत्राला ऊतक संवर्धन म्हणतात. असा कायिक भ्रूण (फलनाशिवाय शरीरकोशिकांपासून बनलेला गर्भ) किंवा प्ररोहाग्र (कोंबाचे टोक) जेलीसारख्या आवरणात बंदिस्त केल्यास त्याला संश्लिष्ट किंवा कृत्रिम बीज म्हणतात.

गरज : ज्या वनस्पतींचे मूळ हेच औषध असते, त्या खणून काढल्या म्हणजे मरतात. सर्पगंधा (लॅ. रौवोल्फिया सर्पेंटिना, कुल-ॲपोसायनेसी) हे याचे ठळक उदाहरण होय. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या मुळांतून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे केले आणि जगभर मागणी वाढली. तिच्या बियांची उगवण अल्प व अनिश्चित असल्याने लागवड मागे पडली व जंगलांतील साठा घटत गेला. १९९० मध्ये या जातीचा समावेश सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला.

इतिहास : ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये सुट्या वनस्पतिकोशिका पोषक विद्रावात ठेवल्या. त्या जगल्या, परंतु विभागल्या नाहीत. तथापि एका कोशिकेपासून पूर्ण वनस्पती घडू शकेल, ही त्यांची कल्पना पुढील संशोधनाचा पाया ठरली. अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोची मुळे माध्यमात अखंड वाढती ठेवली. १९५७ मध्ये स्कूग व मिलर यांनी ऑक्सिन व सायटोकायनिन या वृद्धिनियंत्रक द्रव्यांच्या प्रमाणाचे महत्त्व दाखविले : ऑक्सिन अधिक असल्यास मुळे, तर सायटोकायनिन अधिक असल्यास कोंब फुटतात. १९५८ मध्ये स्ट्यूअर्ड व रायनर्ट यांनी स्वतंत्रपणे गाजराच्या शरीरकोशिकांपासून भ्रूण मिळविले. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतकासाठी सिद्ध केलेले माध्यम आजही सर्वत्र वापरात आहे.

भारतात दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या एका जातीच्या परागकोशांपासून भ्रूण मिळविले. औषधी वनस्पतीवर झालेल्या या प्रयोगामुळे परागकणांपासून रोपे मिळविण्याचा मार्ग खुला झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९७८ मध्ये हळदीच्या जलद गुणनाची पद्धत प्रसिद्ध केली. हळदीची लावणी गड्ड्यांनी होत असल्यामुळे बेणे पुष्कळ लागते व त्याबरोबर रोगही पसरतात. म्हणून या पद्धतीला महत्त्व होते.

संश्लिष्ट बीजे : मुराशिगे यांनी १९७७ मध्ये कायिक भ्रूणांचा बियांप्रमाणे उपयोग करण्याची कल्पना मांडली. किट्टो व जॅनिक यांनी गाजराच्या भ्रूणांवर पॉलिऑक्सिएथिलिनाचे कोरडे आवरण चढविले, तर रेडनबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास लसूणघासाच्या भ्रूणांसाठी अल्जिनेटाचा ओला मणी वापरला. ही दुसरी पद्धत अधिक प्रचलित झाली. तीत भ्रूण किंवा कोंब सु. ३ टक्के सोडियम अल्जिनेटाच्या विद्रावात मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडाच्या विद्रावात सोडतात. सोडियमाची जागा कॅल्शियम घेते व काही मिनिटांत घट्ट मणी बनतो. विद्रावात मिसळलेली पोषक द्रव्ये बियांतील पुष्काप्रमाणे (गर्भाच्या अन्नसाठ्याप्रमाणे) उपयोगी पडतात. मुंबईजवळील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात बापट व राव यांनी या रीतीने चंदनाच्या कायिक भ्रूणांपासून रोपे मिळविली (१९८८). सर्पगंधेच्या प्ररोहाग्रांचे मणी थंड जागी साठवून त्यांपासून पुन्हा रोपे मिळविल्याचेही पुढे सिद्ध झाले.

मर्यादा : खऱ्या बियांना कठीण कवच व सुप्तावस्था असते, म्हणून त्या कोरड्या स्थितीत दीर्घकाळ टिकतात. अल्जिनेटाचा मणी उघड्यावर सुकतो, तर शेतातील मातीत त्यातील पोषक द्रव्यांवर कवके व सूक्ष्मजंतू वाढतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील उगवणीचे प्रमाण शेतात टिकत नाही. चंदनासारख्या अर्धपरजीवी वृक्षाच्या रोपास पुढे आश्रयी वनस्पतीही लागते. ऊतक संवर्धनातून आलेल्या काही रोपांत आनुवंशिक बदल आढळतात. म्हणून मुळांतील अल्कलॉइडांचे प्रमाण तपासल्याशिवाय औषधी रोपे लागवडीस देणे योग्य ठरत नाही. उलटपक्षी, एकाच निवडक झाडापासून केलेली सर्व रोपे परस्परांसारखी असल्याने त्यांच्यात रानातील वाणांचे वैविध्य राहत नाही.

या कारणांमुळे संश्लिष्ट बीजे पेरणीच्या बियांची जागा घेऊ शकली नाहीत. दुर्मिळ वाणांचे अल्पकालीन जतन करणे व ते एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे पाठविणे यांसाठी मात्र ती उपयुक्त ठरली आहेत. ऊतक संवर्धनाने लागवडीस रोपे पुरविता येतात व रानावरील भार हलका होऊ शकतो. परंतु जातीतील वैविध्य टिकविण्यासाठी तिचे मूळ अधिवास राखणे आवश्यक असते.